मातीतले तळहात

१

फेस्टीच्या घरातला विस्तव कधी विझत नसे. निजण्याआधी विनी निखारे राखेखाली झाकून ठेवी, सकाळी राख सारून त्यांवर सुक्या ढेपा उभ्या रची आणि चहाचं आधण चढवी. ढेपा म्हणजे माळावरच्या दलदलीतून कापून वाळवलेली माती, विटेच्या आकाराची. त्या मुलखात झाड शोधायला गेलं तर वाऱ्याने कुबड आलेलं एखादं काटेरी झुडूप सापडायचं. बटाटे उकडायचे, पाव भाजायचा, ओले कपडे वाळवायचे, म्हातारी माणसं आणि आजारी वासरं जगवायची, ते सगळं या मातीवर.

विनी मूळची खाडीपलीकडच्या बेटावरची. ते बेट नुसतं खडकांचं. तिथे ना झाड, ना दलदल. तिच्या माहेरी गोवऱ्या थापत आणि दगडी कुंपणावर वाळवत. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा सासऱ्याने, म्हणजे फेस्टीने, तिला नीट न्याहाळून घेतलं आणि मुलाला म्हणाला, "कोलमन, पोरगी धडधाकट आहे. पण शेणावर वाढलेली. हिला माती कळायची नाही."

कोलमन हसला. विनीला हसू आलं नाही, आणि ते वाक्य ती विसरलीही नाही.

आता कोलमन इंग्लंडात रस्त्याच्या कामावर होता. घरात उरले तिघं: फेस्टी, विनी आणि तिची छोटी बॅबिन. मागचा उन्हाळा सगळा पावसात गेला होता. ढेपा वाळल्याच नाहीत. हिवाळाभर चुलीत ऊब थोडी आणि धूर फार. त्या धुरात बॅबिनची छाती भरली. नाताळानंतर काही दिवस तर असे गेले, की शेजारची सिबी येऊन दाराशी मुकाट बसून राहायची आणि फेस्टी पाद्रीबाबांना बोलावायला टोपी घालून उठायचा, पुन्हा बसायचा. पोर वाचली. खोकला मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले, हिला कोरडी ऊब हवी, धूर अजिबात नको.

मे महिना लागला तसं फेस्टीने कोपऱ्यातलं श्लॉन काढलं. श्लॉन म्हणजे माती कापायचं अरुंद फावडं, एका बाजूला पंखासारखं पातं असलेलं. तो दगडावर त्याला धार लावत बसला.

"यंदा वरची भुरी माती नको," तो म्हणाला. "ती भुर्रकन जळते आणि घरभर धूर करते. यंदा तळाला जायचं. तळाची काळी कापायची."

"तेवढं खोल कोण कापणार, बाबा?"

"मी कापतो. तू झेल. शेण थापलेल्या हातांना एवढं जमायला हरकत नाही."

२

माळाच्या उताराला उभा छेद देऊन केलेली मातीची भिंत, तिला तिथे कड म्हणत. कडेच्या पायथ्याशी लांबच लांब चर. फेस्टी चरात उभा राही, श्लॉन मातीत दाबी, ढेप कापून पात्यावर उचली आणि वर उभ्या असलेल्या विनीकडे फेकी. विनी ती झेलून हातगाडीवर ठेवी. गाडी भरली की बाजूच्या खडकाळ उंचवट्यावर नेऊन ढेपा पसरून येई. दाबायचं, उचलायचं, फेकायचं, झेलायचं, ठेवायचं. लय लागली की बोलायची गरज उरत नसे, आणि फेस्टीला तेच आवडे.

ओली ढेप नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी निसरडी आणि जड लागे. लोण्यासारखी मऊ. झेलताना बोटं तिच्यात रुतत आणि ठसे तसेच राहत. वाळल्यावरही.

भुरी माती संपून काळी लागली, त्या दिवशी वारा पडला होता. डोंगरावर कोकिळा ओरडत होती. फेस्टीने काळीतली पहिली ढेप फेकली आणि विनीने झेलली.

तिची बोटं रुतली नाहीत. तिथे आधीच खाचा होत्या. चार बोटांच्या चार, आणि अंगठ्याची एक. त्या खाचांत तिची बोटं सहज जाऊन बसली, दुसऱ्या कुणाचा हातमोजा घातल्यासारखी. मोजा तिच्या मापाचा नव्हता. थोडा मोठा होता.

"काय गं, झोपलीस का?" खालून फेस्टी ओरडला. "दुसरी येतेय!"

ती दुसरी झेलायला वळली.

३

विनी खुळचट बाई नव्हती. समुद्रावर वाढलेली माणसं धुक्यात दिसेल ते खरं मानत नाहीत. तिने स्वतःला समजावलं: मातीत मुळं असतात. जुनी मुळं कुजतात, त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. चार मुळं शेजारी शेजारी आणि एक वाकडं, असं होऊ शकतं.

पण मुळांना बोटांची पेरं नसतात.

मग तिला वाटलं, ढेप पात्यावर ठेवताना बाबाच हाताने दाबत असतील. ती बघत राहिली. फेस्टी ढेपेला हात लावत नव्हता. लावायची सोयच नव्हती. दोन्ही हात दांड्यावर होते. शिवाय ठसे असत ते ढेपेच्या आतल्या अंगाला, डोंगराकडच्या. क्षणापूर्वीपर्यंत जे अंग मातीच्या पोटात होतं, त्या अंगाला.

सगळ्याच ढेपांवर नव्हते. अधूनमधून येत.

त्या संध्याकाळी तिने एक ढेप फडक्यात गुंडाळून घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. सिबी ताक मागायला आली होती. विनीने तिला ठसा दाखवला.

"अगं, हा तुझाच हात," सिबी म्हणाली.

"माझा? हे बघ." विनीने हात ठेवून दाखवला. बोटांच्या टोकांशी जागा उरली.

"मग फेस्टीचा."

"ते हात लावत नाहीत."

"हो, तेही खरंच. त्या माणसाने दिवसाउजेडी कधी बायकोचा हात धरला नाही, मातीचा कशाला धरतोय!" सिबी खळखळून हसली. हसत हसतच तिने आपला सुरकुतलेला हात ठशात ठेवला.

हसू थांबलं. तिने हात काढला, एप्रनला पुसला, पुन्हा पुसला.

"काय झालं, सिबी?"

"काही नाही. पाव करपत असेल माझा." ती दारापर्यंत गेली. तिचा पाव सकाळीच भाजून झाला होता, हे विनीला माहीत होतं. "पोरीला माळावर जाऊ देऊ नकोस. त्याने माणसं गिळलीत," सिबी उंबऱ्यावरून म्हणाली आणि ताक न घेताच गेली.

विनीने वळून पाहिलं. बॅबिन स्टुलावर चढून खिडकीशी उभी होती. तिने आपला चिमुकला पंजा त्या मोठ्या पंज्यात ठेवला होता आणि कौतुकाने मान वाकडी करून बघत होती. विनीने तिला खसकन उचललं. ढेप फडक्यासकट उचलून परसात भिरकावली. ती भिंतीला लागून फुटली. विनी कितीतरी वेळ पोरीचा हात धूत राहिली. पाणी निवळ आलं तरी धूत राहिली.

४

दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात एक गोष्ट आली.

फेस्टी प्रत्येक ढेप लगेच फेकत नव्हता. कधी कधी तो मध्येच थांबे, विनीकडे पाठ करी, ढेप चराच्या भिंतीला घासी आणि मग फेकी. त्या ढेपा एका अंगाने गुळगुळीत, चोपडलेल्या येत.

दुपारी दोघं खडकावर बसून खारवलेला मासा आणि थंड बटाटे खात होते. लोकरी मोज्यात घालून आणलेली चहाची बाटली मध्ये ठेवली होती. विनीने तिथेच विषय काढला.

"बाबा, तुम्ही काही ढेपा पुसून का टाकता?"

"कडा सरळ करतो."

"बोटं पुसता तुम्ही."

फेस्टी चावायचा थांबला. त्याने खाडीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. विनीकडे पाहिलं नाही.

"तुला कधीपासून दिसतायत?"

"काळी लागली त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, शेणावर वाढलेल्या पोरीला मातीतलं काय कळतंय."

म्हातारा हसला. ती त्या घरात आल्यापासून तिच्या बोलण्यावर तो पहिल्यांदाच हसत होता, आणि ते हसू लगेच विरलं.

"म्हटलं असतं खरं," तो म्हणाला. "आणि मी का बोललो नाही ठाऊक आहे? बोललो असतो तर तू उद्या आली नसतीस. झेलायला माणूस नसेल तर मी एकटा काय कापणार?"

"काय आहे ते, बाबा?"

"मला काय ठाऊक? या मातीतून लोण्याचे बुधले निघतात, कुणाच्या आजाच्या आजाने पुरलेले. अख्खे बुंधे निघतात, साल शाबूत असलेले. पडेल ते ही माती सांभाळून ठेवते. माणसंही पडली असतील की. कुणी मोजलीत?" त्याने बाटली मोज्यात सरकवली. "ते काहीही असो. या हिवाळ्यात पोरीच्या चुलीत काळी जळली पाहिजे. मागच्या नाताळात मी तिचा श्वास ऐकत बसलो होतो. पुन्हा ऐकायचा नाही मला तो."

विनीने उरलेले बटाटे फडक्यात बांधले. ती उठली आणि कडेवर आपल्या जागी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने खालून ढेप आली. तिच्यावर ठसा होता, आणि या वेळी फेस्टीने तो पुसला नव्हता.

५

त्यानंतर भीती कमी व्हायला हवी होती. दोघांमध्ये वाटली गेली होती ना. काही अंशी झालीही. आता फेस्टी ढेप फेकताना हळूच म्हणे, "आहे," किंवा "नाही." विनी "बरं" म्हणे. जणू मासळीत काटा आहे की नाही हे सांगावं.

पण "आहे" वाढत चाललं.

ऊन कडक पडलं होतं. असा कोरडा मे फेस्टीच्याही आठवणीत नव्हता. पसरलेल्या ढेपा पापडासारख्या वाळू लागल्या. वरच्या माळाला भेगा पडल्या, इतक्या रुंद की गाढवाचा खूर अडकावा. आणि कड जसजशी आत सरकत गेली, तसतसे ठसे खोल होत गेले. आधी बोटांची टोकं, मग पूर्ण बोटं, मग तळहात. कधी एकाच ढेपेवर दोन हात शेजारी शेजारी. कधी लहान हात, बाईचा असावा असा. एकाच माणसाचे नव्हते ते.

आणि मग आवाज. फेस्टी पाठ सरळ करायला थांबला, कोकिळाही गप्प झाली, की कडेच्या आतून येई. थप. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा थप.

विनीला तो आवाज ओळखीचा होता. ओल्या लगद्यावर उघडा तळहात आपटल्याचा आवाज. आई, मावशी, बहिणी, सगळ्या कुंपणापाशी रांगेने उभ्या राहून गोवऱ्या थापायच्या, तेव्हा अगदी असाच आवाज यायचा.

"बाबा, ऐकलंत?"

"पाणी असेल आत," फेस्टी म्हणाला. "खालून झिरपतं." आणि जरा वेळाने, स्वतःशीच, "या उन्हात कुठलं पाणी?"

घरी ती बॅबिनला कुशीत घेऊन निजे. चुलीजवळची ती खोली, टांगलेले कपडे, राखेखालचा मंद लाल उजेड, सगळं रोजचंच होतं. तरी आपल्याच घराच्या भिंतीला पाठ लावून बसायला तिला नको वाटे. भिंत दगडाची आहे, मातीची नाही, हे ती हात लावून बघे.

आपल्याला आत ओढायचंय कुणाला तरी, असंच तेव्हा तिच्या मनाने घेतलं होतं. इतकी माणसं त्या काळोखात, त्यांना सोबत हवी असेल.

६

जूनमध्ये पाऊस आला तो कोसळतच आला. दोन दिवस दाराबाहेर काही दिसेना. छपरावरून, खिडकीवरून, धुराड्यातून पाणी. फेस्टी पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझारा घालत होता. उंचवट्यावरच्या ढेपांची त्याला काळजी नव्हती. त्या खडकावर होत्या आणि दोघांनी त्यांच्या छोट्या गंज्या रचून ठेवल्या होत्या. पण शेवटच्या दिवशी कापलेल्या ढेपा कडेच्या पायथ्याशीच राहिल्या होत्या. सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत काळ्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी उघडीप पडली. ऊन असं लख्ख, की खाडीकडे बघवेना. फेस्टीने टोपी चढवली.

"चर तुंबला असेल. पाणी काढून दिलं नाही तर तेवढ्या ढेपांचा चिखल होईल."

"उद्या जाऊ, बाबा."

"उद्यापर्यंत काय उरतंय!"

बॅबिनला सिबीकडे सोडून दोघं निघाले. सिबी दारात उभी राहून म्हणाली, "फेस्टी, तुझ्या हट्टाला एक दिवस सुटी दे की रे."

"तुझ्या जिभेला दे आधी," फेस्टी म्हणाला आणि चालू लागला.

७

माळावर पोहोचताच विनीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. गवत ओलं, चमकतं. कोकिळा नव्हती. एकही पक्षी नव्हता. पाऊल टाकलं की जमीन नुसती दबत नव्हती, दूरवर हलत होती, भरलेल्या पखालीसारखी.

फेस्टी चरात उतरला. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. "म्हटलं नव्हतं?" तो पुटपुटला आणि श्लॉनने गाळ उपसू लागला.

विनी वळसा घालून चराच्या उंचवट्याकडच्या टोकाला आली, जिथून कड समोर दिसे. आणि तिने कडेकडे पाहिलं.

पावसाने वरचा थर धुऊन नेला होता. काळी भिंत उघडी पडली होती, ओली, उन्हात तकाकणारी. तिच्यावर वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात होते. मोठे, लहान, एकावर एक. या वेळी ते ठसे नव्हते. भिंत तिथे आत गेलेली नव्हती, बाहेर आली होती. चादरीच्या पलीकडून कुणी हात दाबावेत, तसे ते उमटले होते. फेस्टीची पाठ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

विनी ओरडणार होती, पण तिची नजर त्या हातांवर खिळली. ती नुसती बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या हातांनी ते वाचलं. डोक्याने नाही, हातांनी. कुंपणावरची वाळलेली गोवरी काढताना बोटं वळतात, नखं रुततात. थापताना बोटं सरळ असतात आणि तळहाताची टाच सगळ्यांत खोल जाते. इतके दिवस तिने झेललेल्या प्रत्येक ढेपेवर टाच खोल होती. समोरच्या प्रत्येक हाताची बोटं सरळ होती. एकही बोट वळलेलं नव्हतं.

हे हात ओढत नव्हते. हे ढकलत होते. बाहेर. मागे. लांब.

"बाबा, वर या!" ती ओरडली.

"थांब गं, एवढं झालं की..."

"बाबा, आत्ता! माती येतेय!"

"कुठली माती येतेय? साठ वर्षं मी..."

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. सरळ चरात उतरली, गुडघाभर चिखलातून त्याच्यापर्यंत गेली आणि त्याचे दोन्ही दंड धरले. श्लॉन त्याच्या हातातून निसटलं. सासऱ्याच्या अंगाला हात लावायची तिची ती पहिलीच वेळ. ती उलट्या पावलांनी त्याला ओढू लागली. चार पावलं आला आणि त्याचा पाय रुतला.

"निघत नाही," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "सोड मला, पोरी. जा तू. बॅबिनकडे जा."

"नाही जात!"

तिने सगळं बळ लावून ओढलं. पाय हलेना. त्याच्या खांद्यावरून तिला कड दिसत होती. कडेचं पोट फुगत होतं, आणि त्याच वेळी आतून काहीतरी ते थोपवून धरत होतं. भिंत फाटली. त्या फटीत, क्षणभरच, तिला कोपरापर्यंतचे हात दिसले. मातीसारखे काळे, ताणलेले, थरथरणारे. आणि त्यांच्या मागे वाकलेल्या पाठी, एकीला एक लागून, मोठा दरवाजा पाठीने रेटून धरणाऱ्या माणसांसारख्या. चेहरा एकही दिसला नाही. तिने पाहायचा प्रयत्नही केला नाही.

फेस्टी एकाएकी पुढे आला. तिच्या ओढण्याने नव्हे. इतक्या जोराने आला, की ती उताणी पडली आणि तो तिच्यावर. दोघं उठले, पडले, हातापायांवर रांगत चराबाहेर आले आणि खडकाळ उंचवटा लागेपर्यंत थांबले नाहीत.

मग कड सुटली.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते विनीने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मोठा आवाज झालाच नाही. झोपेत कुणी कूस बदलावी तसा एक लांब, ओला उसासा. अख्खा उतार जागचा उठला आणि चर, हातगाडी, श्लॉन, कुंपण सगळं पोटात घेऊन खालच्या तळ्याकडे वाहत गेला.

८

दोघं खडकावर बसून होते. आजूबाजूला त्यांच्या गंज्या उभ्या होत्या, एकही हलली नव्हती. फेस्टीचा एक बूट गेला होता. तो आपल्या उघड्या पायाकडे बघत होता.

"मी नव्हतं ओढलं तुम्हाला," विनी म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग?"

त्याने पाठ तिच्याकडे वळवली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कोटावर, काळ्या चिखलाचे दोन तळहात होते. बोटं सरळ. टाच खोल.

विनीने आपला हात त्यावर ठेवून पाहिला नाही. गरज वाटली नाही. तिला रडू फुटलं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की म्हाताराही रडतोय आणि दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरून ठेवलेत.

सिबी धापा टाकत वर आली, काखोटीला बॅबिन. तिने तळं पाहिलं, काळंठिक्कर पडलेलं. उताराच्या जागचा उघडा खडक पाहिला.

"मेरीमाते!" ती म्हणाली. मग फेस्टीकडे पाहून, "जिवंत आहेस ना रे?"

"तुझ्या नशिबाने."

"आणि पाठीला हे काय?"

फेस्टीने कोट काढला, चिखल आतल्या अंगाला येईल असा सांभाळून घडी घातला आणि काखेत धरला. "मदतीला माणसं होती," तो म्हणाला.

सिबीने एकदा विनीकडे पाहिलं, मग त्या घडीकडे. तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं गावाने तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

९

फेस्टीचा उतारच वाहून गेला, म्हणून त्या उन्हाळ्यात गावकरी एक दिवस ठरवून आले. प्रत्येकाच्या गाढवावर आपापल्या जळणाच्या भरलेल्या करंड्या. उंचवट्यावरच्या गंज्याही त्यांनी उतरवून आणल्या. विनीने पाव भाजले, फेस्टीने बाटली काढली, आणि संध्याकाळी घराच्या भिंतीशी छपराला टेकेल एवढी गंजी उभी राहिली. दलदल का सरकली यावर प्रत्येकाचं मत वेगळं होतं. कोरड्या उन्हावर एवढा पाऊस, म्हणून, असं बहुतेकांचं म्हणणं. विनीलाही ते पटत होतं. बाकीचं तिने कुणाला सांगितलं नाही, कोलमन ऑक्टोबरात परत आला तेव्हा त्यालाही अर्धंच.

हिवाळाभर चुलीत काळी जळली. निळसर, स्थिर ज्योत, धुराचं नाव नाही. बॅबिन फेब्रुवारीत खोकायची थांबली. कधी थांबली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एके दिवशी फेस्टी चुलीपाशी कान देऊन बसला आणि म्हणाला, "ऐका." सगळ्यांनी ऐकलं. ऐकायला काहीच नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी माळाच्या दुसऱ्या अंगाला, सपाट जागी नवी कड धरली. फेस्टीचे गुडघे आता चरात उतरू देत नव्हते. नवं श्लॉन त्याने स्वतः विनीच्या हातात दिलं.

"कापायचं तू. झेलायचं मी. आणि हसलीस तर बघ."

"कोलमन आहे की कापायला."

"त्याला माती कळत नाही," म्हातारा म्हणाला.

विनी हसलीच. कोलमन हातगाडी आणायला मागे राहिला होता. तिने वरचं गवत सोलून काढलं, खाली उतरली. पण श्लॉन लावण्याआधी ते बाजूला टेकवलं, बाही सारली आणि उघड्या मातीवर आपला तळहात ठेवला. माती गार होती, मऊ होती. आतून कुणी ढकललं नाही.

"हे काय गं?" वरून फेस्टीने विचारलं. "परवानगी मागतेस?"

"नाही, बाबा. ओळख सांगतेय."

तिने हात काढला आणि पहिली ढेप कापली. ती वर फेकण्यासाठी वळली, तर म्हातारा जागेवर नव्हता. कोलमन येत नाही ना, हे वळून पाहून तो कडेवर पालथा झोपला होता, टोपी काढून, आणि हात लांब करून तिच्या ठशाशेजारी आपला ठसा उमटवत होता.